बर्फावरचे धडे : हिवाळी खेळांतून मुलांना विज्ञान

हनुक्काची सुट्टी जवळ आली की घराघरांतून मुलांचा एकच धोशा सुरू होतो : "हेर्मोनला चला, बर्फात खेळायला चला!" आपण बेने इस्राएल लोक कोकणच्या उबदार किनाऱ्यावरून आलेले. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांत हिवाळा म्हणजे पहाटे अंगावर ओढलेली शाल आणि अंगणातली शेकोटी. आपल्यातील पुष्कळांनी बर्फ पाहिला तो सरबताच्या पेल्यात, नाही तर मासळीबाजारात लाकडाच्या भुशात गुंडाळून आलेल्या लादीच्या रूपात. या देशात जन्मलेल्या आपल्या नातवंडांना मात्र त्याच बर्फावरून घसरायचे असते, चाकाऐवजी पाते लावलेले बूट घालून गिरक्या घ्यायच्या असतात.

मुलांचा हा हट्ट पुरवावा, असेच आम्ही म्हणू. परंतु एवढा लांबचा प्रवास, एवढा खर्च, आणि घरी परत येतात ते काय, तर ओले मोजे व चार छायाचित्रे! तोच दिवस थोडी तयारी करून घालविला तर शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात जे वर्षभर पाठ करावे लागते ते मुलाच्या हातापायांना एका दिवसात कळते. दाब म्हणजे काय, घर्षण म्हणजे काय, उंचीवर थंडी का असते, हे प्रश्न बर्फावर उभे राहिल्याबरोबर मुलाला स्वतःच पडतात. प्रश्न मुलाचा असला म्हणजे उत्तरही त्याच्या लक्षात राहते.

हा लेख लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या समाजातील अनेक आजी-आजोबांचे शिक्षण मराठीत झाले. नातवंडांचे शिक्षण इब्रीत चालते. गृहपाठाची वही उघडली की आजोबा हळूच बाजूला होतात, कारण वहीतील शब्द त्यांना परके वाटतात. पण बर्फ, मीठ, भोवरा आणि ताट यांना कोणतीच भाषा परकी नाही. पुढे दिलेल्या प्रत्येक प्रयोगात ज्याने आयुष्यात हाताने काम केले आहे असा माणूसच उत्तम शिक्षक ठरतो. तेव्हा आजी-आजोबांनी हा लेख मुद्दाम वाचावा अशी आमची विनंती आहे.

शिकविण्याची पद्धत

प्रत्येक प्रयोगाला चार पायऱ्या ठेवाव्यात. पहिली, अंदाज : "काय होईल असे तुला वाटते?" असे मुलाला आधी विचारावे व त्याचे उत्तर त्याच्याच वहीत लिहवून घ्यावे. दुसरी, कृती : प्रयोग मुलाने स्वतःच्या हाताने करावा, मोठ्यांनी फक्त जवळ बसावे. तिसरी, नोंद : जे दिसले ते आकड्यांत लिहावे. चौथी, कारण : अंदाज बरोबर आला असो वा चुकला असो, असे का झाले याचा दोघांनी मिळून विचार करावा. अंदाज चुकला म्हणून मुलाला हसू नये. चुकलेला अंदाज खोडूही देऊ नये. विज्ञानात त्याची किंमत बरोबर आलेल्या अंदाजाइतकीच असते.

साहित्य अगदी साधे लागते : शून्याखालचे तापमान दाखविणारा थर्मामीटर, मोजपट्टी, जाडे मीठ, दोरा, स्टीलचे सपाट ताट, बर्फाचे खडे, दोन प्लास्टिकच्या बाटल्या आणि एक वही. शब्बाथला नोंदी लिहिता येत नाहीत, म्हणून शुक्रवारची सकाळ किंवा शब्बाथ उतरल्यानंतरची वेळ सोयीची.

पहिला धडा : हेर्मोनवरच बर्फ का?

लोदमध्ये पाऊस पडतो, त्याच दिवशी हेर्मोनवर हिम पडते. मुलाला विचारावे, "असे का?" पुष्कळ मुले म्हणतात, "हेर्मोन उत्तरेला आहे म्हणून." उत्तर अगदीच खोटे नाही, पण मुख्य कारण उंची हे आहे. हेर्मोनचे सर्वांत उंच शिखर २,८१४ मीटर उंच असून ते सीरिया व लेबनॉन यांच्या सीमेवर आहे. इस्राएलच्या ताब्यातील उतारावर जे घसरण्याचे मैदान आहे, तेथील वरचे स्थानक सुमारे २,०४० मीटर उंचीवर येते. सर्वसाधारणपणे दर हजार मीटर उंचीला हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे समुद्रकाठी १४ अंश सेल्सिअस तापमान असेल तर वरच्या स्थानकावर ते एक अंशाच्या आसपास भरावे. हिशेब मुलाकडून करवून घ्यावा व मग प्रवासात पडताळून पाहावा. आजकाल बहुतेक मोटारींत बाहेरचे तापमान दाखविण्याची सोय असते. घरून निघताना, किन्नेरेतच्या काठी, किर्यात श्मोना येथे आणि पायथ्याच्या वाहनतळावर असे चार आकडे मुलाने लिहावेत. किन्नेरेत समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली आहे, हे सांगितले म्हणजे तेथील आकडा जास्त का भरला याचाही उलगडा होतो. ढग, वारा व दिवसाची वेळ यांमुळे आकडे हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत. किती जुळले व किती नाही, हेच नोंदीत लिहावयाचे असते.

आता बाटलीचा प्रयोग. वर पोहोचल्यावर एक रिकामी प्लास्टिकची बाटली उघडून तिचे झाकण घट्ट लावावे व ती पिशवीत ठेवावी. घरी येऊन पाहिले तर बाटली जणू कोणी मुठीत दाबल्यासारखी चेपलेली दिसते. २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे एक-पंचमांशाने कमी असतो. बाटलीत ती वरची विरळ हवा कोंडली गेली आणि खाली आल्यावर बाहेरच्या दाट हवेने बाटली दाबली. याच्या उलट, घरून नेलेली बटाट्याच्या कापांची बंद पिशवी डोंगरावर फुग्यासारखी फुगते. हवेला वजन असते हे वाक्य मुले शाळेत घोकतात, पण चेपलेली बाटली हातात घेतली म्हणजे ते घोकावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट आजीने सांगण्यासारखी. याच कारणाने त्या उंचीवर पाणी १०० अंशांवर न उकळता सुमारे ९३ अंशांवरच उकळते. तेथे डाळ शिजायला वेळ का लागेल, हे ज्या आजीने कुकर वापरला आहे ती सहज समजावून सांगेल. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी जास्त तापते, डोंगरावर दाब घटतो म्हणून कमी तापते.

दुसरा धडा : बूट रुततो, पट्टी का रुतत नाही?

ताज्या हिमावर साध्या बुटाने उभे राहिले तर पाय खाली जातो. पायाला लांब स्की-पट्ट्या बांधून तोच मुलगा उभा राहिला तर वरच राहतो. मुलाचे वजन तर बदलले नाही. मग बदलले काय?

वहीत हिशेब मांडावा. समजा मुलाचे वजन ३० किलो आहे आणि त्याच्या दोन बुटांचे तळवे मिळून ३०० चौरस सेंटिमीटर भरतात. तीस हजार ग्रॅम भागिले ३००, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा भार आला. आता एक पट्टी १२० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद धरली तर दोन पट्ट्यांचे क्षेत्रफळ १,९२० चौरस सेंटिमीटर होते. भागाकार केला की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम १६ ग्रॅम येतात. वजन तेच, पण ते सहापट जागेवर पसरले, म्हणून दाब सहा पटींनी उतरला. आपल्या मुलाचा बूट कागदावर ठेवून पेन्सिलीने आकृती काढावी, चौकटी मोजून खरे क्षेत्रफळ काढावे, आणि हाच हिशेब त्याच्या स्वतःच्या वजनाने करावा.

हेर्मोनला जाणे जमत नसेल तर परातीत कणीक किंवा रवा चार बोटे थापावा. त्यावर पाण्याने भरलेली बाटली एकदा सरळ ठेवावी, एकदा झाकणाच्या बाजूने उलटी ठेवावी, आणि एकदा खाली पुठ्ठा घालून त्यावर ठेवावी. प्रत्येक वेळी किती खोल खळगा पडला ते मोजपट्टीने मोजावे. मग नेगेवमधील उंटाच्या पायाची गोष्ट सांगावी. उंटाचा पाय रुंद व मऊ असतो, टेकताच पसरतो, म्हणून तो वाळूत रुतत नाही. वाळवंटातला उंट आणि हिमावरचा खेळाडू एकाच नियमाने चालतात, हे ऐकून मुलांना मोठी मौज वाटते.

तिसरा धडा : बर्फ निसरडा का?

हा प्रश्न दिसतो सोपा, पण त्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे. अनेक पुस्तकांत असे छापलेले आढळते की खेळाडूच्या पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून तो घसरतो. दाबाने बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो ही गोष्ट खरी आहे. पण किती? आपल्या वातावरणाएवढा जादा दाब दिला तर अंशाच्या एक-शतांशाहूनही कमी. ४० किलो वजनाचा मुलगा एका पायावर घसरत आहे व पात्याचा ३ चौरस सेंटिमीटर भाग बर्फाला टेकला आहे असे धरले, तर दाब सुमारे तेरा वातावरणांएवढा होतो आणि वितळण्याचा बिंदू अंशाच्या दहाव्या भागाइतका खाली येतो. घसरण्याच्या मैदानावरचा बर्फ तर शून्याखाली तीन ते सहा अंश थंड ठेवलेला असतो. म्हणजे एकट्या दाबाने काम भागत नाही. छापलेल्या वाक्यालाही हिशेब विचारावा, हा धडा मुलांना येथे फुकट मिळतो.

मग खरे कारण कोणते? इंग्लंडचा थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याने १८५० मध्ये असे मांडले की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही ओलसर असा अतिशय पातळ थर असतो. बर्फाच्या आतील प्रत्येक रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात व ते त्याला जागेवर घट्ट धरून ठेवतात. सर्वांत वरच्या रेणूंना वरच्या अंगाला शेजारीच नाही, म्हणून ते सैल असतात. याशिवाय घसरताना पाते व बर्फ एकमेकांवर घासून उष्णता निर्माण होते आणि थर आणखी ओला होतो. १९३९ मध्ये बोडन व ह्यूज या दोघा शास्त्रज्ञांनी या घर्षणाच्या उष्णतेकडे प्रयोगांनी लक्ष वेधले. या थराचे नेमके स्वरूप काय, यावर आजही संशोधन चालू आहे.

आपल्या लोकांना हे समजावण्यासाठी एकच शब्द पुरे आहे : वंगण. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर चाक कुरकुरते व बैल थकतो, हे त्या काळी खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक होते. दोन घट्ट वस्तूंच्या मध्ये पातळ पदार्थाचा थर आला की घासणे कमी होते. बर्फाचा विशेष हा की तो आपले वंगण स्वतःच तयार करतो.

फॅरडेचा एक प्रयोग स्वयंपाकघरात करता येतो. बर्फाचे दोन खडे थोडे ओले होऊ द्यावेत, मग त्यांच्या सपाट बाजू एकमेकांवर अर्धा मिनिट दाबून धराव्यात. सोडून पाहिले तर दोन्ही एकमेकांना चिकटलेले असतात. मधला ओला थर दोन्ही बाजूंनी बर्फात कोंडला गेला आणि गोठला. हिमाचा गोळा हातात दाबला की का टिकतो, याचे उत्तरही यातच आहे.

दुसरा प्रयोग ताटाचा. सपाट ताटात एका कडेला लाकडाचा ठोकळा, नाणे, खोडरबर आणि बर्फाचा खडा ओळीने ठेवावेत. ती कड हळूहळू उचलावी आणि कोणती वस्तू कोणत्या उंचीवर घसरू लागते ते मोजपट्टीने मोजावे. बर्फ सर्वांत आधी सुटतो, खोडरबर बहुधा शेवटपर्यंत तग धरते. थोरल्या मुलांनी पुढचा हिशेब करावा : ताटाच्या उचललेल्या कडेची उंची भागिले त्या कडेखालपासून टेकलेल्या कडेपर्यंतचे आडवे अंतर. समजा उंची १० सेंटिमीटर व अंतर ४० सेंटिमीटर भरले, तर उत्तर ०.२५ येते. यालाच घर्षणांक म्हणतात. एक ताट आणि एक मोजपट्टी यांतून मुलाने घर्षणांक स्वतः काढला, याचा आनंद काही निराळाच असतो.

चौथा धडा : मीठ, रस्ता आणि कुल्फी

डिसेंबर २०१३ मध्ये जेरुसलेममध्ये प्रचंड हिमवर्षाव झाला, जानेवारी २०२२ मध्येही शहर पांढरे झाले. अशा वेळी रस्त्यांवर मीठ टाकतात. मुलाला विचारावे, "मीठ काय बर्फाला गरम करते?" बहुतेक मुले "हो" म्हणतात. मग पेल्यात कुटलेला बर्फ घेऊन थर्मामीटर लावावा. शून्याच्या जवळ आकडा दिसेल. आता त्यात मूठभर जाडे मीठ घालून ढवळावे. पारा वर जाण्याऐवजी झपाट्याने खाली उतरतो, शून्याखाली दहा अंशांच्याही पलीकडे जाऊ शकतो. साध्या मिठाने हे मिश्रण फार तर शून्याखाली २१ अंशांपर्यंत जाते, त्यापुढे नाही.

कारण असे की खारे पाणी शून्य अंशावर गोठत नाही, त्याला अधिक थंडी लागते. मीठ पडले की बर्फ वितळू लागतो. वितळण्यासाठी उष्णता लागते, ती तो आजूबाजूने ओढून घेतो, म्हणून मिश्रण थंडगार होते. रस्त्यावर आपल्याला बर्फ वितळायला हवा असतो, म्हणून मीठ उपयोगी. खेळाच्या मैदानावर मात्र बर्फ टिकायला हवा, तेथे मिठाला मज्जाव.

आपल्या पिढीला ही विद्या शाळेत शिकण्याआधीच ठाऊक होती. मुंबईच्या रस्त्यावरील कुल्फीवाल्याचा मटका आठवा! बर्फ आणि जाडे मीठ यांच्यात बुडविलेले ते पत्र्याचे साचे, आणि त्यांतून निघालेली घट्ट कुल्फी. नुसत्या बर्फाने आटवलेले गोड दूध गोठत नाही, कारण साखरेमुळे त्याचाही गोठणबिंदू शून्याखाली गेलेला असतो. मीठ घातलेल्या बर्फाने ते काम होते. हाच प्रयोग घरी करावा. आटवलेले दूध, साखर व वेलची एका लहान जाड पिशवीत घालून तिचे तोंड नीट बंद करावे. ती पिशवी बर्फ व मीठ भरलेल्या मोठ्या पिशवीत ठेवावी आणि दहा-पंधरा मिनिटे हलवीत राहावे. मुलांनी हातमोजे घातलेच पाहिजेत. मीठ-बर्फाचे मिश्रण उघड्या कातडीला लागून राहिले तर भाजल्यासारखी इजा होते. जेवणात मांस असेल त्या दिवशी दुधाऐवजी नारळाचे दूध घ्यावे. ही युक्ती आपल्या घरांतून नवी नाही. प्रयोग संपल्यावर तो खाता येतो, म्हणून या धड्याला विद्यार्थी कधी गैरहजर राहत नाहीत.

लहान मुलांसाठी दोऱ्याची गंमत : वाटीतील पाण्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवावा, त्यावर दोरा आडवा टाकावा, चिमूटभर मीठ भुरभुरावे आणि एक-दोन मिनिटे थांबावे. दोरा उचलला की खडाही वर येतो. मिठाने वरचा बर्फ थोडा वितळला, दोरा त्या पाण्यात बुडाला, आणि मीठ पातळ होत गेल्यावर ते पाणी पुन्हा गोठून दोरा अडकला.

पाचवा धडा : भोवरा आणि गिरकी

हनुक्काचा सेविवोन म्हणजे आपला भोवराच. तो फिरत असेतोवर उभा राहतो, थांबला की आडवा होतो. बर्फावर नाचणारा खेळाडू हाही एक जिवंत भोवरा होय. तो हात पसरून गिरकी सुरू करतो, मग हात छातीशी घेतो, आणि कोणी ढकलले नसतानाही त्याचा वेग एकदम वाढतो. हे जोर कोठून आला?

फिरणारी खुर्ची घ्यावी. मुलाने तिच्यावर नीट बसावे, दोन्ही हातांत पाण्याची एकेक लहान बाटली धरून हात लांब पसरावेत. मोठ्या माणसाने खुर्चीला हळू गती द्यावी व बाजूला व्हावे. दहा सेकंदांत किती फेऱ्या होतात त्या मोजाव्यात. आता मुलाने हात जवळ घ्यावेत. फेऱ्या वाढतात. हात पुन्हा पसरले की खुर्ची मंदावते. फिरणाऱ्या वस्तूपाशी गतीची एक पुंजी असते, तिला शास्त्रात कोनीय संवेग म्हणतात. बाहेरून कोणी अडथळा केला नाही तर ती पुंजी तेवढीच राहते. वजन आसापासून दूर असेल तर ती मंद गतीत दिसते, वजन आसाजवळ आले तर जलद गतीत. गती जोराने ढकलू नये, खुर्चीभोवती जागा मोकळी ठेवावी, आणि प्रयोगानंतर मुलाला लगेच उठू देऊ नये.

या ठिकाणी मुलांना मायकेल श्मेर्किन याचे नाव सांगावे. हिवाळी ऑलिंपिक सामने १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे सुरू झाले. इस्राएलने त्यांत प्रथम भाग घेतला तो १९९४ मध्ये, नॉर्वेतील लिलेहामर येथे, आणि आपल्या देशाचा तो पहिला खेळाडू म्हणजे ओडेसा येथे जन्मलेला, अलियाह करून आलेला हा बर्फावरचा नर्तक. भारताच्या शिव केशवनचे उदाहरणही असेच सांगण्यासारखे आहे. १९९८ मध्ये नागानो येथे, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ल्यूज या घसरगाडीच्या शर्यतीत उतरला. २०१८ पर्यंत तो सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळला. देशात बर्फाचा ट्रॅक नसल्यामुळे तो गाडीला चाके लावून हिमालयातील रस्त्यांवर सराव करीत असे. साधने अपुरी आहेत म्हणून थांबू नये, आहेत ती वापरावीत, एवढे मुलांना यावरून कळावे. मात्र रस्त्यावर तसे करून पाहू नये, हेही बजावावे!

सहावा धडा : डब्यातले हिम

हा धडा सर्वांत सोपा आहे, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. सरळ काठाच्या एका डब्यात ताजे हिम न दाबता काठोकाठ भरावे आणि किती सेंटिमीटर भरले ते लिहावे. ते वितळल्यावर पाणी किती सेंटिमीटर उरले ते मोजावे. ताज्या भुसभुशीत हिमाच्या दहा सेंटिमीटरांतून साधारण एक सेंटिमीटर पाणी निघते. जुन्या, पायांखाली दबलेल्या हिमातून पुष्कळ अधिक निघते. बाकीची जागा हवेने भरलेली होती. हिम मऊ का लागते आणि त्यावर पडले तरी बर्फाच्या लादीपेक्षा कमी का लागते, हे मुलाला तेथेच उमगते.

मग विचारावे, "हेर्मोनवरचे एवढे हिम वितळून जाते कोठे?" ते डोंगराच्या चुनखडकात मुरते व पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. दान, बनियास आणि हत्सबानी हे तीन प्रवाह एकत्र येऊन यार्देन नदी होते, आणि यार्देन किन्नेरेतला मिळते. १९६४ पासून राष्ट्रीय जलवाहिनीने किन्नेरेतचे पाणी दक्षिणेकडे नेले. आज घरगुती पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळतो, तरी हेर्मोनच्या हिमाची किंमत कमी झालेली नाही. मुलाने ज्यावर घसरगुंडी केली ते या देशाच्या पाण्याचे एक कोठार आहे, हे त्याला कळले म्हणजे घरचा नळ उघडा टाकताना त्याचा हात जरा थबकेल.

जाण्यापूर्वी

हेर्मोनचे मैदान हिमावर व सीमेवरील परिस्थितीवर अवलंबून असते. युद्धामुळे २०२३-२४ च्या हिवाळ्यात तेथे जाता आले नव्हते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी. मुलांना एका जाड कोटाऐवजी कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब राखते. मोज्यांचे व हातमोज्यांचे जादा जोड बरोबर घ्यावेत. डोळ्यांना काळा चष्मा हवाच : ताजे हिम सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकते. घसरगाडीवर बसणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे व समोर माणूस, झाड किंवा कुंपण नसावे.

ज्यांना जाणे परवडत नाही, किंवा जे एलात, दिमोना, बेएर-शेवा अशा दूरच्या गावी राहतात, त्यांनी खंत करू नये. वरील धड्यांपैकी निम्म्याहून अधिक धडे घरच्या घरी होतात. ज्या मुलाने डोंगर पाहिला नाही त्याची वही कोरी राहण्याचे काही कारण नाही.

शब्दांची देवघेव

शेवटी भाषेविषयी. आपण मराठीत आकाशातून पडते त्यालाही बर्फ म्हणतो आणि पेल्यातल्या खड्यालाही बर्फच म्हणतो. कोकणात दुसऱ्या शब्दाची गरजच पडली नाही! इब्रीत मात्र पडते ते शेलेग आणि गोठलेले ते केराख. आपल्या पुस्तकी मराठीत हिम हा शब्द आहे, तो या निमित्ताने वापरात आणावा. प्रयोगाच्या वहीत प्रत्येक पानाचे दोन भाग करावेत. एका बाजूला नातवाने इब्री शब्द लिहावेत, दुसऱ्या बाजूला आजोबांनी मराठी : मेलाख व मीठ, सेविवोन व भोवरा. घर्षण, दाब, वंगण, गोठणे, वितळणे हे शब्द आजोबांनी सांगावेत आणि त्यांची इब्री रूपे नातवाकडून शिकावीत. कोणी कोणाला शिकविले हा प्रश्न मग उरत नाही.

आपल्या घरी यांपैकी एखादा प्रयोग केलात तर मुलाचा अंदाज, त्याने मोजलेले आकडे आणि त्याला सुचलेले कारण आम्हांस अवश्य कळवावे. बर्फ, लाकूड व खोडरबर यांचे ताटावरचे आकडे निरनिराळ्या घरांतून आले म्हणजे ते एकमेकांशी ताडून पाहता येतील. हाताशी आलेले आकडे पुढील एखाद्या अंकात मुलांच्या पानावर छापण्याचा आमचा विचार आहे.